कोर्टाचा हुकूम साहेब मानत नाहीत तेव्हा: सातारा-सांगलीतल्या समलिंगी जोडप्यांसाठी

'असला काही हुकूम आमच्यापर्यंत आलेला नाही.' पोलीस ठाण्यात किंवा तहसील कचेरीत हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. साहेब खरं बोलत असतील तर न्यायालयाचा अवमान होतच नाही, आणि खोटं बोलत असतील तर ते दाखवून द्यायला आवक शिक्का लागतो. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मधली दिवाणी अवमानाची व्याख्या 'जाणूनबुजून केलेली अवज्ञा' या शब्दांवर उभी आहे. म्हणजे हुकूम साहेबांना कळलेला होता, तो स्पष्ट होता, पाळता येण्यासारखा होता आणि तरी पाळला नाही, हे चारही मुद्दे कागदावर दिसले पाहिजेत. यातला एक जरी सुटला तरी याचिका पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच लंगडी पडते.

हातातला कागद कुठला, ते आधी बघा

१७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो चक्रवर्ती विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. ९ जानेवारी २०२५ ला पुनर्विलोकन अर्जही फेटाळले गेले. तेव्हा मिरजेतल्या किंवा कराडातल्या निबंधकाने दोन पुरुषांचा विवाह नोंदवायला नकार दिला, तर तो कितीही बोचला तरी अवमान नव्हे. त्यावर याचिका करून पैसे घालवू नका. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेल्या 'मैत्री करारा'नेही विवाह होत नाही. दोघी किंवा दोघं सज्ञान आहेत आणि आपखुशीने एकत्र राहतात, एवढं दाखवायला त्याचा उपयोग होतो, तेवढ्यापुरताच तो ठेवा.

मात्र त्याच निकालात बहुमताने असंही म्हटलं आहे की जोडीदार निवडण्याचा आणि एकत्र राहण्याचा हक्क या जोडप्यांना आहे, त्यात कुणी ढवळाढवळ करू नये आणि त्यांच्यावर हिंसेची किंवा जबरदस्तीची वेळ येऊ नये याची काळजी राज्याने घ्यायची आहे. इथे बरेच अर्ज घसरतात. पोलिसांनी जोडप्याला ठाण्यात बोलावून छळू नये, माहेरी परत जायची सक्ती करू नये, जोडप्यावर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करावी, अशा थेट सूचना सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या निकालपत्रात आहेत. व्हॉट्सअॅपवर फिरतात त्या ह्याच. ते निकालपत्र अल्पमतातलं आहे, आणि सरकारी वकील उभा राहिला की पहिलं तेच सांगतो. उतारा घ्यायचा तो न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या बहुमताच्या निकालपत्राच्या शेवटच्या निष्कर्षांमधून.

एका मुद्द्यावर मात्र पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं: पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर तिला सध्याच्या विवाह कायद्यांखालीच लग्न करता येतं. पारलिंगी स्त्रीचं पुरुषाशी लग्न नोंदवायला निबंधक नाही म्हणत असेल तर त्याचं चुकतं आहे. त्याच्याकडून लेखी नकार घ्या. विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याने नकार दिला असेल तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

दुसरा कागद म्हणजे शक्ती वाहिनी प्रकरणातला २७ मार्च २०१८ चा निकाल. मूळ विषय जातीबाहेर-धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांचा, पण हिशेब मागायला त्यातला एक भाग फार कामाचा आहे. धमकी आलेल्या जोडप्याला संरक्षण देण्यात पोलीस किंवा जिल्हा अधिकाऱ्यांनी हयगय केली, तर ती गैरवर्तणूक धरून खातेनिहाय कारवाई करायची आणि ती सहा महिन्यांत तडीस न्यायची, असं न्यायालयाने सांगितलं आहे. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांच्या विशेष कक्षाची आणि सुरक्षित निवाऱ्याची सूचनाही त्यातलीच. समलिंगी जोडप्याला हा निकाल थेट नाही, युक्तिवादाने लागू होतो. अर्जात तसंच लिहा. उगाच 'आमच्यासाठीच दिलेला निकाल' म्हणू नका.

तिसरा, देवू जी. नायर विरुद्ध केरळ राज्य, ११ मार्च २०२४. हा निकाल न्यायालयांसाठी आहे: संरक्षणाच्या आणि हेबियस कॉर्पसच्या (डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, अशा) अर्जांना प्राधान्य द्या, नातं नेमकं काय आहे हे खोदून विचारू नका, डांबून ठेवलेल्या व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत बोला, धोका सिद्ध होण्याची वाट न बघता अंतरिम पोलीस संरक्षण द्या, समुपदेशनाच्या नावाखाली लैंगिक कल बदलायला पाठवू नका. अंतरिम आदेश मागताना याचा आधार सगळ्यात भक्कम.

उरली केंद्र सरकारची २०२४ ची पत्रं. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले धरा, संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नामनिर्देशित करायला आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. ही पत्रं म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. पुरवठा निरीक्षकाने ऐकलं नाही तर लेखी नकार घ्या, जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे जा, तिथेही नाही झालं तर रिट, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याविरुद्धची उच्च न्यायालयातली याचिका, करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. अवमानाची भाषा इथे वापरली की समोरचा हसतो.

थेट अवमान याचिका नीट चालते ती तुमच्या नावाने निघालेल्या हुकमावर. सर्वोच्च न्यायालयाचा सर्वसाधारण निकाल दाखवून 'साहेबांनी हा मानला नाही' म्हटलं तर उच्च न्यायालय बहुधा रिटकडे बोट दाखवतं. म्हणून आधी स्वतःच्या नावाचा हुकूम मिळवायचा.

घर सोडण्याआधीचं पत्र

मुलगी किंवा मुलगा घरातून गेला की दुसऱ्या दिवशी घरचे 'मिसिंग' दाखल करतात. चार दिवसांनी कुणीतरी सुचवतं आणि त्याच तक्रारीचा अपहरणाचा गुन्हा होतो. हे टाळायला दोघांच्या सह्यांचं एक पानी पत्र आधीच तयार ठेवा: नावं, जन्मतारखा, आधार व शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत, 'आम्ही सज्ञान आहोत, स्वतःच्या मर्जीने एकत्र राहतो, कुणी पळवलेलं नाही, घरून दागिने किंवा रोकड आणलेली नाही, अमुक अमुककडून धोका आहे'. दागिन्यांचं वाक्य विसरू नका. चोरीची फिर्याद तिथूनच येते. हे पत्र दोघांच्याही गावच्या पोलीस ठाण्याला, सध्या राहता त्या ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना जाऊ द्या. एकजण फलटणची आणि दुसरी तासगावची असेल तर दोन्ही जिल्ह्यांचे अधीक्षक आले.

पत्रात राहण्याचा पत्ता घालू नका. संपर्कासाठी वकिलाचं ऑफिस द्या. ठाण्यातून गावात बातमी पोचायला चहा पिण्याइतका वेळ लागतो.

तपासात जबाबासाठी बोलावणं आलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ लक्षात ठेवा. साक्षीदार म्हणून स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला भाग पाडता येत नाही. ती स्वतः तयार असेल तर ठाण्यात येऊ शकते, एवढी सूट कायद्यात आहे, आणि तीच नेमकी अडचण होते: जबाबाच्या तळाशी 'मी स्वखुशीने ठाण्यात आले' असं छापील वाक्य असतं. बळेच बोलावलं असेल तर ते खोडायला सांगा. तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नाही असं संहितेचं कलम १८१ सांगतं, तरी मागितलीच तर सहीखाली 'बोलावल्यामुळे आले' असं हाताने लिहा. ही मनाई जाणूनबुजून मोडणाऱ्या पोलिसावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा होतो. शिक्षा किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी. या कलमाला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही, आणि ही गोष्ट ठाण्यातल्या साहेबांनाही ठाऊक असते.

हुकूम मागतानाच पुढची लढाई जिंकता किंवा हरता

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात चालू आहे आणि सातारा-सांगली दोन्ही त्याच्या हद्दीत येतात. सांगलीहून सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मुंबईच्या वाऱ्या संपल्या. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० ला फोन लावा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींसारखे काही गट सोडले तर पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. सांगलीत संग्राम आणि मुस्कान या संघटना या विषयात जुन्या आहेत, तिथे विचारलं तर समजूतदार वकिलाचं नाव निघतं.

अवमान ऐकणारं न्यायालय मूळ हुकमाच्या चौकटीबाहेर एक पाऊल टाकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणून प्रार्थना, म्हणजे याचिकेतली मागणी, मोघम ठेवू नका. 'प्रतिवादींनी कायद्यानुसार योग्य ती कारवाई करावी' असा हुकूम मिळाला तर साहेब एक फोन करतात, 'कारवाई केली' म्हणतात आणि विषय संपतो. 'अर्जाचा विचार करावा' हा तर त्याहून पोकळ. विचार केला आणि अर्ज फेटाळला की हुकूम पाळला गेला, आणि त्या फेटाळणीविरुद्ध नवं रिट करावं लागतं. अवमान तिथे चालत नाही.

मागणी अशी असावी: अमुक पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने हुकूम मिळाल्यापासून २४ तासांत एका विशिष्ट दर्जाच्या अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर अर्जदारांना लेखी कळवावा, धमकीचा फोन गेल्यावर त्याने स्वतः दखल घ्यावी, अर्जदारांना ठाण्यात बोलावू नये, जबाब हवा असेल तर वकिलासमोर घ्यावा, राहता पत्ता नातेवाइकांना कळवू नये, आठ आठवड्यांनी अनुपालनाचं प्रतिज्ञापत्र दाखल करावं. प्रत्येक वाक्यात कुणी, काय आणि केव्हापर्यंत हे हवं. शेवटची मागणी बहुतेक जण करत नाहीत. ती करा, कारण प्रतिज्ञापत्राची तारीख चुकली की पुरावा न्यायालयाच्या स्वतःच्याच फायलीत तयार होतो.

त्याच अर्जात नावं झाकायची विनंतीही करा. उच्च न्यायालयाचे हुकूम संकेतस्थळावर चढतात, आणि गावातल्या चुलतभावाला नाव टाकून शोधता येतं. घरच्यांना प्रतिवादी केलं असेल तर याचिकेची प्रत त्यांनाही जाते. त्यात भाडेकरार जोडलेला असेल तर पत्ता आपणच पोचवला.

बजावणी

हुकूम झाला त्या दिवशी नक्कल अर्ज टाका. प्रमाणित प्रत हातात यायला वेळ लागतो. तोवर संकेतस्थळावरची प्रत, आणि हुकमात तशी मुभा असेल तर न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या सहीची प्रमाणीकृत प्रत चालते. प्रत नुसती देऊ नका. सोबत एक पानी पत्र हवं: प्रकरण क्रमांक, हुकमाची तारीख, कुठल्या परिच्छेदाने साहेबांना काय करायला सांगितलं आहे आणि मुदत कधी संपते. पंधरा पानी इंग्रजी हुकूम ठाणे अंमलदार वाचत बसत नाही, आणि 'कळलं नाही' ही सबब नंतर त्या पंधरा पानांच्या आडूनच येते.

चार मार्गांनी पाठवा. ठाण्यात हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्या. दुसरी प्रत अधीक्षक कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर. तिसरी पोस्टाने, रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्ट करून ट्रॅकिंगचं 'वितरित' असं पान छापून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी ते दिसेनासं होतं. चौथी ईमेलने, सरकारी पत्त्यावर. ठाण्यात प्रत घेतलीच नाही तर वाद घालू नका. बाहेर येऊन लगेच अधीक्षकांना ईमेल करा: अमुक तारखेला अमुक वाजता अमुक पदावरच्या व्यक्तीने प्रत नाकारली. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या हुकमाप्रमाणे ठाण्यात सीसीटीव्ही हवेत आणि चित्रण निदान वर्षभर तरी जपायला हवं. त्या वेळचं चित्रण राखून ठेवा, असं त्याच ईमेलमध्ये लिहा.

बदली हे सगळ्यात मोठं भोक. हुकूम जुन्या निरीक्षकांना बजावलेला असतो, ते जतहून विट्याला जातात, आणि नवे साहेब 'मला माहीत नव्हतं' म्हणतात. ते खरंही असतं. नवा प्रभारी आला की आठवड्याभरात हुकूम पुन्हा बजावा.

याच्या जोडीला एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण, काय म्हणाले, सोबत कोण होतं. १०९१, ११२ किंवा १८१ या मदतवाहिन्यांना केलेल्या फोनची वेळ आणि मिळालेला क्रमांक. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा. 'तीन-चार वेळा गेलो' हे प्रतिज्ञापत्रात लिहून चालत नाही.

पाळला नाही, आता

जिवाला धोका असेल तर नोटीस वगैरेच्या भानगडीत पडू नका. निकाली निघालेल्या याचिकेतच वकिलाला तातडीचा अर्ज टाकून त्याच दिवशी न्यायाधीशांपुढे उल्लेख करून लवकरची सुनावणी मागायला सांगा. बाकी प्रकरणांत वकिलाकडून सात ते पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण अवज्ञा जाणूनबुजून होती हे तिच्याइतकं स्वच्छ दुसरं काही दाखवत नाही. बरीच प्रकरणं नोटिशीवरच मिटतात. अधीक्षक कार्यालयातल्या विधी अधिकाऱ्याला 'व्यक्तिशः' हा शब्द आवडत नाही.

अवमान याचिका पदाविरुद्ध नसते, माणसाविरुद्ध असते. 'महाराष्ट्र शासन' लिहून भागत नाही. त्या काळात खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा लागतो. नाव नक्की माहीत नसेल तर माहिती अधिकारात अमुक ते अमुक तारखेदरम्यान प्रभारी कोण होतं ते विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. साधी मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण ते का लागू होतं हे अर्जात लिहावं लागतं. उत्तर आलं नाही तर वीस रुपयांच्या तिकिटासह पहिलं अपील. त्याच अर्जात हुकमावर झालेल्या टिपण्यांच्या प्रती मागा. 'सदर आदेशाबाबत वरिष्ठांशी चर्चा करावी' असा शेरा मिळाला की 'कळलंच नाही' हा बचाव तिथेच संपतो.

याचिकेला मूळ हुकूम, आवक शिक्क्याची प्रत, स्पीड पोस्टचं पान, ईमेल, नोटीस आणि तारीखवार प्रतिज्ञापत्र जोडा. मुदत एक वर्ष, अवज्ञा झाल्यापासून, कलम २०. वर्ष उलटलं की न्यायालयाचे हात बांधले जातात, तेव्हा 'साहेब बघतो म्हणालेत' यावर अकरा महिने घालवू नका. दिवाणी अवमानाला महाधिवक्त्यांची (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांची) संमती लागत नाही; ती फौजदारी अवमानाची अट, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. खालच्या न्यायालयाचा हुकूम मोडला असेल तरी कलम १० खाली उच्च न्यायालयातच जायचं.

साहेबांचे बचाव साधारण ठरलेले असतात. 'अपील केलं आहे': नुसत्या अपिलाने काही होत नाही, स्थगिती आहे का ते विचारा. 'मनुष्यबळ नव्हतं': मग मुदत वाढवून मागितली होती का? 'गैरसमज झाला': त्यावर तुमचं एक पानी पत्र. 'उशिरा का होईना पाळला': याने अवमान बहुधा तिथेच थांबतो. आणि शेवटी 'बिनशर्त माफी'. शिक्षा म्हणाल तर सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माफी मनापासूनची वाटली तर सोडून देता येतं, आणि बहुतेकदा सोडतात. साहेबांना आत टाकायचंच म्हणून उतरलात तर निराशा पदरी येईल. संरक्षण मिळवायचं म्हणून उतरलात तर हे हत्यार चालतं.

तुलनेला अमेरिकेतलं किम डेव्हिस यांचं प्रकरण बघण्यासारखं आहे. केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीच्या या निवडून आलेल्या लिपिक. २६ जून २०१५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला, तरी त्यांनी लग्नाचे परवाने देणं बंद केलं. जोडप्यांनी आधी स्वतंत्र मनाई हुकूम मिळवला. तोही मोडल्यावर ३ सप्टेंबरला न्यायाधीश बनिंग यांनी त्यांना अवमानासाठी तुरुंगात पाठवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाताखालच्यांनी परवाने द्यायला सुरुवात केली, आणि ८ सप्टेंबरला त्या सुटल्या. २०२३ मध्ये ज्युरीने एका जोडप्यातल्या दोघांना प्रत्येकी ५० हजार डॉलर भरपाई ठरवली, तीही खुद्द डेव्हिस यांच्याकडून. क्रम तोच आहे: मोठा निकाल, मग आपल्या नावाचा हुकूम, मग अवमान. आपल्याकडे अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाईची वाट इतकी सरळ नाही. मूलभूत हक्क मोडल्याबद्दल रिटमध्ये भरपाई मागता येते आणि ती अधिकाऱ्याकडून वसूल करण्याची विनंतीही करता येते. देणं न देणं न्यायालयाच्या मर्जीवर.

अवमान चालू असताना खात्याची बाजू मोकळी सोडू नका. पोलीस असेल तर कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे शक्ती वाहिनी निकालातला सहा महिन्यांचा परिच्छेद उद्धृत करून तक्रार, आणि गंभीर गैरवर्तन असेल तर पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. महसुलातला अधिकारी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. फाईल कुणाच्या टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असं २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा सांगतो. त्याचं कलम १० लिहिलं की निदान फाईल हलते. तक्रारीत वस्तुस्थिती लिहा, विशेषणं नकोत. 'जातीयवादी, पुरुषसत्ताक साहेब' असं लिहिलेला अर्ज दप्तरी दाखल व्हायला निमित्त मिळतं.

अवमानाची नोटीस निघाली की ठाण्यातून फोन येतो: 'मॅडम, तुमचं काम झालंय, केस मागे घ्या.' लगेच मागे घेऊ नका. झालेलं काम प्रतिज्ञापत्रावर येऊ द्या, आणि यापुढेही पाळू अशी हमी सरकारी वकिलांकरवी न्यायालयाच्या रोजनाम्यात नोंदवून घ्या. न्यायालयाला दिलेली हमी मोडणं हाही अवमानच असतो, आणि त्याचं वर्ष हमी मोडल्याच्या दिवसापासून नव्याने मोजलं जातं.